दोन्ही घरचा पाहुणा : प्लग-इन हायब्रिड गाडी आणि तिचा मालक

मोटारगाडी बिघडली म्हणजे नेमके काय झाले, हे पूर्वी गाडी स्वतःच सांगत असे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी घाटात तापली की रेडिएटरमधून वाफ येई. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला की ती आचके देई, आणि क्लचप्लेट झिजली की जळका वास सुटे. त्या गाड्या फार विश्वासू होत्या असे कोणी म्हणणार नाही. बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभे असलेले कुटुंब हे त्या काळचे नेहमीचे दृश्य होते. मात्र बिघाडाचे ज्ञान गाडीपुरते कोंडलेले नव्हते. ते मालकाच्या कानात होते, क्लीनरच्या बोटांत होते, नाक्यावरच्या मिस्त्रीच्या अनुभवात होते. मालकाचा संताप खरा असे, पण तो कोणावर काढायचा हे त्याला ठाऊक असे.

आजच्या एका विशिष्ट प्रकारच्या गाडीने ही सोय काढून घेतली आहे. पेट्रोलवरही चालणारी आणि घरी प्लग लावून चार्जही होणारी अशी ही गाडी. इंग्रजीतून आलेले तिचे नाव ‘प्लग-इन हायब्रिड’ आणि तिचा थाट बहुधा भल्यामोठ्या एसयूव्हीचा. भारतात ती थोडी आहे, महाग आहे आणि म्हणूनच तिच्या मालकाच्या गाऱ्हाण्याकडे ‘श्रीमंतांचे दुखणे’ म्हणून पाहिले जाते. मला ते तसे वाटत नाही. या गाडीत जे आज घडते आहे, ते उद्या स्वस्त गाडीत, ट्रॅक्टरमध्ये आणि शेतातल्या पंपातही घडणार आहे. प्रश्न असा : यंत्र माझे, बिघाड माझा, भुर्दंड माझा, पण बिघाडाची साक्ष दुसऱ्याच्या ताब्यात. मग न्याय मागायचा कसा?

मी गोंदियाला लागून असलेल्या मुर्री गावचा. इंजिनिअरिंगची पदवी माझ्याकडे नाही. मोटार-वाइंडिंगच्या कामातून विजेची ओळख झाली आणि पुढे जुनी यांत्रिक हस्तपुस्तके व ग्राहक-न्यायालयांचे निकाल वाचण्याची सवय लागली. या दोन वाटा या विषयात एकत्र येतात, म्हणून हा खटाटोप.

यंत्राची घडण

हायब्रिड म्हणजे संकरित. तिचे प्रकार समजून घेतले नाहीत तर पुढचे विवेचन चुकीच्या गाडीला लागू होईल. टोयोटाने १९९७ साली जपानात आणलेली प्रियस ही साधी हायब्रिड. तिची छोटी बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक दाबताना वाचलेल्या शक्तीवर भरते, तिला प्लग नसतो. आपल्याकडे आज ‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हणून ज्या गाड्या रस्त्यांवर दिसतात, त्या याच घराण्यातल्या. त्यांच्याविषयी हा लेख नाही.

प्लग-इन हायब्रिडची बॅटरी बरीच मोठी असते. घरच्या मीटरच्या भाषेत सांगायचे तर तिच्यात साधारण ९ ते २० युनिट वीज मावते. तेवढ्यावर तीस ते साठ-सत्तर किलोमीटर अंतर इंजिन न पेटवता जाता येते आणि वीज संपली की पेट्रोल आहेच. चीनच्या बीवायडी कंपनीने २००८ च्या डिसेंबरात अशी गाडी मोठ्या प्रमाणावर विकायला सुरुवात केली. अमेरिकेत शेवरोले व्होल्ट २०१० च्या अखेरीस आली आणि मित्सुबिशीची आउटलँडर २०१३ च्या प्रारंभी जपानात आली. भारतात व्होल्वोची एक्ससी-९० टी-८ ही २०१६ साली सव्वा कोटी रुपयांना आली, तर बीएमडब्ल्यूची एक्सएम २०२२ च्या डिसेंबरात २ कोटी ६० लाखांना.

टी-८ ची रचना उदाहरणादाखल पाहू. तिच्यात पेट्रोल इंजिन पुढची चाके फिरवते आणि विजेची मोटर मागची. दोघांना जोडणारा लोखंडी दांडा गाडीत नाही. पुढच्याने किती ओढायचे आणि मागच्याने किती, हे संगणक क्षणाक्षणाला ठरवतो. म्हणजे एका छताखाली दोन पूर्ण संसार आहेत. एकीकडे इंजिन, गिअरबॉक्स, पेट्रोलची टाकी, सायलेन्सर. दुसरीकडे तीन-चारशे व्होल्टची बॅटरी, चार्जर, डीसीचे एसी करणारा इन्व्हर्टर, मोटर आणि या सर्वांना थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या. दोन्हींची देखभाल करायची, आणि दोघांमधल्या बोलण्याचीही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपल्या आजीने या गाडीसाठी केली नव्हती. पण लागू पडते.

बिघाड कुठे राहतो

या गाडीच्या मालकांची जगभरची गाऱ्हाणी वाचली तर चार जागा पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली जागा म्हणजे बारा व्होल्टची साधी बॅटरी. मोठी बॅटरी थेट वापरता येत नाही. धोका टाळण्यासाठी ती एरवी तोडून ठेवलेली असते आणि तिला जोडणारे भक्कम रिले बारा व्होल्टवर चालतात. सगळे संगणकही त्याच बारा व्होल्टवर जागे होतात. ही छोटी बॅटरी उतरली की मोठ्या बॅटरीत वीज आणि टाकीत पेट्रोल काठोकाठ असूनही गाडी दगडासारखी पडून राहते. कोट्यवधीची गाडी काही हजारांच्या डब्यावर अडते, ती अशी.

दुसरी जागा चार्जिंगची. चार्जिंगच्या केबलला असलेली पेटी गाडीला वीज देण्याआधी अर्थिंग तपासते. अर्थिंग कमकुवत असेल तर ती लाल दिवा दाखवून नकार देते. आपल्याकडे घर बांधताना मीठ-कोळसा टाकून अर्थिंगचा खड्डा केला जातो आणि मग वर्षानुवर्षे त्यात कोणी पाणी घालत नाही. फ्रीज, कूलर, पंप हे सगळे तरीही चालतात, म्हणून दोष कळत नाही. ही गाडी मात्र अडून बसते. आमच्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे, पण मुर्रीतल्या एका सॉकेटचे अर्थिंग ते सुधारू शकत नाही.

तिसरी जागा इंजिनाची, आणि इथला त्रास विचित्र आहे. मालक इमानेइतबारे रोज चार्ज करतो, गावातल्या गावात विजेवर फिरतो, म्हणून इंजिन महिनोन्महिने नीट तापतच नाही. थोडा वेळ पेटून विझणाऱ्या इंजिनात पेट्रोल आणि बाष्प ऑइलमध्ये उतरते. टाकीतले पेट्रोल जुने होते. यावर उपाय म्हणून संगणक इंजिन स्वतःहून चालवतो. व्होल्टमध्ये ही सोय होती. जीपच्या ‘फोर-बाय-ई’ गाड्यांत तर इंधन आणि ऑइल ताजे करण्याची अशी अवस्था आहे, की ती लागली म्हणजे बॅटरी भरलेली असूनही इंजिन चालूच राहते. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी घ्यावी आणि पेट्रोल वाचवले म्हणून तिने पेट्रोल जाळावे, असा हा व्यवहार.

चौथी जागा सर्वांत अवघड. तिचे नाव इन्सुलेशन. उच्च दाबाच्या नारिंगी तारा आणि गाडीचे लोखंडी शरीर यांच्यामध्ये वीज पाझरता कामा नये. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीतील नियम क्रमांक १०० प्रमाणे डीसीसाठी हा अडथळा दर व्होल्टमागे किमान १०० ओहम असावा लागतो. गाडी हे माप सतत घेत राहते आणि ते घसरले तर माणसाला झटका बसू नये म्हणून चालण्यास नकार देते.

आमच्या वाइंडिंगच्या धंद्यात हे दुखणे जुने आहे. पावसाळ्यात शेतातली मोटर आली की आम्ही आधी मेगर लावतो. एक मेगओहमच्या खाली माप आले तर मोटर चालू करायची नाही, बल्ब लावून वाळवायची, हा साधा नियम. वाळली की माप वर येते आणि मोटर निर्दोष दिसते. पण ज्या फटीतून ओल शिरली ती फट तिथेच असते. पुढच्या पावसात तीच मोटर पुन्हा येते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढच्या हकिगतीची किल्ली तिच्यात आहे.

मुर्रीतील एक गाडी

माझ्या परिचयाचे एक राइस मिलवाले आहेत. त्यांनी तीन वर्षांपूर्वी परदेशी नावाची एक प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही वापरलेली, पण कंपनीची हमी शिल्लक असलेली अशी विकत घेतली. घर ते मिल, मिल ते गोंदियाचा बाजार एवढेच रोजचे फिरणे. ते विजेवर होईल आणि महिन्यातून दोनदा नागपूर गाठायला पेट्रोल आहे, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. अशाच वापरासाठी ही गाडी बनवलेली असते.

पहिल्या उन्हाळ्यात काही झाले नाही. जुलैच्या झडीत एका सकाळी पडद्यावर हायब्रिड प्रणालीत दोष असल्याची सूचना आली आणि गाडी हलेना. मोटर मागच्या चाकांना जोडलेली असल्याने ती दोर बांधून ओढता येत नाही, सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. असा ट्रक नागपूरहून आला, दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून. सर्व्हिस सेंटरच्या कोरड्या शेडमध्ये गाडी चार दिवस उभी राहिली आणि पाचव्या दिवशी निमूट सुरू झाली. जॉब कार्डवर शेरा पडला : दोष आढळला नाही, सॉफ्टवेअर अद्ययावत केले. ऑगस्टमध्ये तेच. पुढच्या पावसाळ्यात तीनदा तेच. दरम्यान मुदतीची हमी संपली. बॅटरीची हमी आठ वर्षांची होती, पण त्यांच्या हमीपत्रात चार्जर, नारिंगी तारा आणि त्यांचे जोड ‘बॅटरी’ या शब्दात बसत नव्हते.

“भाऊ, मिलमधला शेलर बिघडला तर मी डोळे मिटून आवाजावरून सांगतो,” ते मला म्हणाले, “अन् ही गाडी म्हणते दोष आहे, कंपनी म्हणते दोष नाही. मग काय माझ्याच डोस्क्यात आहे का?”

त्यांच्या डोक्यात काही नव्हते. माझा तर्क असा की कुठल्यातरी जोडात ओल शिरत होती आणि नागपूरला पोहोचेपर्यंत वाळत होती. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे, आणि नारिंगी तारांना हात लावणे माझ्यासारख्याच्या कामाचे नाही. तिथला झटका जीवघेणा असतो. ज्या दिवशी गाडी अडली त्या दिवशीचे इन्सुलेशनचे माप गाडीच्या संगणकात नोंदलेले असायला हवे. ती नोंद त्यांनी मागितली. कंपनीची अंतर्गत माहिती आहे, देता येत नाही, असे तोंडी उत्तर मिळाले.

इथे कोणी विचारील, की बाजारात हजार-दीड हजाराला स्कॅनर मिळतो, तो लावून का पाहिले नाही? पाहिले. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते, त्यात तो लागतो. पण या सॉकेटची सक्ती मुळात धूर तपासण्यासाठी झाली. त्यामुळे इंजिनाच्या धुराशी संबंधित दोषांचे सांकेतिक क्रमांक सर्व कंपन्यांना समान आणि सर्वांना वाचता येण्याजोगे आहेत. त्यापलीकडचे पुष्कळ क्रमांक प्रत्येक कंपनीचे स्वतःचे असतात आणि त्यांचा अर्थ तिच्याच उपकरणाला कळतो. स्वस्त स्कॅनरने आम्हाला एवढेच सांगितले की कुठलातरी दोष नोंदलेला आहे. कुठला, ते नाही.

दूरच्या देशांतील दाखले

हा अनुभव एका गावाचा किंवा एका कंपनीचा असता तर दिवाळी अंकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. आउटलँडर बाजारात येऊन तीन महिने होत नाहीत तोच, २०१३ च्या मार्चमध्ये योकोहामाच्या एका विक्रेत्याकडे तिची बॅटरी तापून वितळली. कंपनीने उत्पादन थांबवले आणि ग्राहकांना बाहेरून चार्ज करू नका असे कळवले. बॅटरी-कारखान्यातील तपासणीच्या टप्प्यावर काही सेलना धक्का बसल्याचे पुढे निष्पन्न झाले.

२०२० साली युरोपात फोर्डने कुगा या प्लग-इन गाडीच्या सुमारे २०,५०० मालकांना तोच निरोप दिला : चार्ज करू नका. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूनेही जगभरातल्या सुमारे २६,७०० प्लग-इन गाड्या परत बोलावल्या. सेल बनवताना आत राहिलेले बारीक कण हे कारण होते. फोर्डच्या बाबतीत तर या विलंबाने कंपनीचे युरोपातील धूर-मर्यादेचे गणितच बिघडले आणि तिला व्होल्वोशी करार करून ते जुळवावे लागले.

अमेरिकेतील जीपचे प्रकरण आणखी लांबले. २०२४ मध्ये रँग्लर आणि ग्रँड चेरोकी या फोर-बाय-ई गाड्या सुमारे १ लाख ५४ हजारांच्या संख्येने परत बोलावल्या गेल्या. गाडी घरापासून दूर उघड्यावर उभी करा आणि चार्ज करू नका, असा सल्ला मिळाला. २०२५ च्या नोव्हेंबरात हा आकडा जगभरात सुमारे ३ लाख ७५ हजारांवर गेला, आणि आधी दुरुस्त झालेल्या गाड्याही त्यात होत्या. जीपची साधी पेट्रोल रँग्लर पुण्याजवळच्या रांजणगावात जुळवली जाते. तिच्यात ही बॅटरी नाही, हे इथे स्पष्ट केलेले बरे.

या सगळ्या दाखल्यांत एक समान दुवा आहे. प्लग लावता येतो म्हणून ज्याने जास्त पैसे मोजले, त्याला सांगण्यात आले की प्लग लावू नकोस. त्याच्याकडे उरली ती जड बॅटरी वाहणारी पेट्रोलची गाडी.

आणि प्लग न लावलेली ही गाडी कागदावरचे वचन पाळत नाही. तिचे सरासरी मायलेज ठरवताना ती अमुक अंतर विजेवरच चालेल असे सरकारी चाचणीत गृहीत धरलेले असते. युरोपीय आयोगाने गाड्यांतल्याच मापकांतून गोळा केलेली माहिती २०२४ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचे रस्त्यावरचे कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघाले. पुष्कळांनी आळसाने चार्ज केले नसेल, हे खरे. पण मुर्रीतला लाल दिवा पाहिल्यावर सगळा दोष आळसावर टाकता येत नाही.

कायद्याच्या दारात

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. नवा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. नव्या कायद्याने एक मोठी सोय केली : ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगापुढे तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी असेल तर राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय. मुर्रीच्या माणसाने गाडी जुनी घेतली असेल तर गोंदियात, नवी कोटीची घेतली असेल तर राज्य आयोगाच्या नागपूर खंडपीठापुढे दाद मागायची.

दार जवळ आले, पण उंबरठा उंच आहे. वस्तूतील दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग ती योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि त्याचे शुल्क तक्रारदाराला भरावे लागते. आपल्या राज्यात पुण्याला १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे. साधनांची वाण नाही. पण पावसाच्या दिवशी येणारा आणि उन्हात जाणारा दोष पुण्याच्या प्रयोगशाळेत ठरल्या तारखेला हजर राहील याची हमी कोण देणार?

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल पाहिले तर दोन प्रवाह दिसतात. २००६ साली मारुती उद्योगच्या एका प्रकरणात न्यायालय म्हणाले की हमीच्या अटींप्रमाणे सदोष भाग बदलता येत असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येणार नाही. २०१० मध्ये फियाटच्या गाडीबाबत ठरले की स्वतंत्र तज्ज्ञाला मूळचाच निर्मितिदोष आढळला तर पैसे परत द्यावेत. २०२१ मध्ये गोव्यातील एका ग्राहकाच्या प्रकरणात, नवी म्हणून दोन वर्षांपूर्वीची गाडी विकली गेली होती. तिथे विक्रेत्याच्या कृत्याला निर्माता आपोआप जबाबदार ठरत नाही असा निर्णय झाला. या प्रवाहात पुराव्याचे ओझे ग्राहकाच्या डोक्यावर आहे.

दुसरा प्रवाह अधिक आश्वासक आहे. २००४ साली मुंबईच्या प्रीमियर कंपनीची ११८ एनई ही डिझेल गाडी सदोष निघाली, तेव्हा अशी गाडी नवी कोरी म्हणून विकणे लाजिरवाणे आहे, अशा आशयाच्या शब्दांत न्यायालयाने सुनावले. २०२२ मध्ये ह्युंदाईच्या क्रेटातील एअरबॅग अपघातात उघडली नाही. टक्कर किती वेगाची आणि किती जोराची झाली याचे भौतिकशास्त्र ग्राहकाने मांडावे अशी अपेक्षा करता येत नाही, ही न्यायालयाची भूमिका फार मोलाची आहे. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या डेमलर-क्रायस्लर कंपनीच्या प्रकरणात, कंपनीच्या नावावर पण संचालकासाठी घेतलेली गाडी केवळ तेवढ्याने ‘व्यापारी हेतूची’ ठरत नाही, हेही स्पष्ट झाले. मिलच्या नावावर गाडी घेणाऱ्या आमच्याकडच्या अनेकांना हा दिलासा आहे. त्याच महिन्यात हैदराबादकडील एका बीएमडब्ल्यूच्या खटल्यात न्यायालयाने ५० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. गाडी घेतली होती २००९ साली. मध्ये उच्च न्यायालयाने नवी गाडी देण्यास सांगितले होते, कंपनीची तयारीही होती, तरी वाद मिटायला पंधरा वर्षे लागली.

२०१९ च्या कायद्यात ‘उत्पादन-दायित्व’ असे एक नवे प्रकरण आहे. नाव ऐकून वाटते की हेच आपल्याला हवे होते. पण त्यातील ‘हानी’ची व्याख्या वाचली की निराशा होते. सदोष वस्तूमुळे माणसाला किंवा दुसऱ्या मालमत्तेला झालेली इजा तीत येते. वस्तूचे स्वतःचे नुकसान येत नाही. म्हणजे गाडीने घर जाळले तर त्या प्रकरणाखाली दाद आहे, गाडी नुसती अडून बसली तर पुन्हा ‘दोष सिद्ध करा’ या जुन्याच वाटेने जायचे.

मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली. तक्रारींची संख्या विक्रीच्या मानाने ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की सरकार चौकशी करू शकते. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. लाखोंनी खपणाऱ्या गाडीसाठी ही व्यवस्था ठीक आहे. ज्या गाडीचा जिल्ह्यात एकच मालक आहे, त्याला आपल्यासारखा दुसरा कोण आहे हेच कळत नाही.

मोजणी पुरेशी आहे

मग उपाय काय? अमेरिकेत १९८२ साली कनेक्टिकट राज्याने एक कायदा केला. तिकडे सदोष गाडीला ‘लिंबू’ म्हणतात, म्हणून तो लिंबू-कायदा म्हणून ओळखला जातो. पुढे इतर राज्यांनीही तसे कायदे केले. कॅलिफोर्नियात पहिल्या अठरा महिन्यांत किंवा अठरा हजार मैलांत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला, जिवाला धोका असेल तर दोनदा, किंवा गाडी एकूण तीस दिवसांहून अधिक दुरुस्तीत पडून राहिली, तर ती सदोष आहे असे कायदा धरून चालतो. मग ती तशी नाही हे दाखवायची जबाबदारी कंपनीवर येते.

या कायद्याचे शहाणपण मला फार मोठे वाटते. तो मालकाला रोगाचे नाव विचारत नाही, आजारपणाचे दिवस मोजतो. ओल कुठल्या जोडातून शिरली हे मुर्रीच्या माणसाला सांगता येणार नाही. पण दोन पावसाळ्यांत गाडी पाच वेळा ट्रकवर चढली हे तो आणि त्याचा शेजारी दोघेही सांगू शकतात. भारतात असा कायदा नाही. असता, तर सॉफ्टवेअरच्या युगात त्याची गरज पद्मिनीच्या काळापेक्षा अधिक ठरली असती.

दुसरी गरज नोंदी मिळण्याची. याचा पाया आपल्याकडे घातला गेलेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात न दिल्याने ग्राहक आणि स्वतंत्र मिस्त्री दोघेही कोंडीत सापडतात, हे आयोगाने मान्य केले होते. कंपन्या अपिलात गेल्या. पुढे २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला संकेतस्थळ सुरू केले, त्यात शेतीची अवजारे आणि मोटारगाड्या या दोन्ही गटांचा समावेश आहे. पण संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे. डॉक्टरने तपासले तर रुग्णाला अहवाल मिळतो. गाडी तपासली तर तिच्या संगणकातील दोष-नोंदींची प्रत मालकाला मिळालीच पाहिजे, एवढी एक ओळ कायद्यात आली तरी पुष्कळ काम होईल.

तोवर मालकाच्या हातात जुनेच शस्त्र आहे : वही. मिलवाल्यांना मी ती घालायला लावली. तारीख, किलोमीटर, त्या दिवशी पाऊस होता की ऊन, पडद्यावरच्या सूचनेचा फोटो, गाडी दिली कधी आणि परत मिळाली कधी. प्रत्येक वेळी जॉब कार्डची प्रत घ्यायची आणि ‘दोष आढळला नाही’ हा शेरा असेल तर तो लेखीच मागायचा, कारण पाच वेळा न आढळलेला दोष हाच एक पुरावा आहे. घरच्या अर्थिंगची तपासणी लायसन्सधारक ठेकेदाराकडून करून त्याचे पत्रही सोबत ठेवायचे, म्हणजे बोट घराकडे दाखवता येणार नाही. नोंदी मागायच्या त्या पत्राने, पोच घेऊन. तोंडी नकाराला आयोगापुढे किंमत नसते.

यंत्रे अवघड होत जाणार, त्याला इलाज नाही आणि त्याबद्दल तक्रारही नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी हवा सुधारली तर विदर्भातल्या आम्हा लोकांना ती हवीच आहे. पण यंत्र जेवढे अवघड, तेवढी त्याची साक्ष मालकासाठी सोपी असली पाहिजे. वस्तू विकत घेताना आपण तिचे लोखंड, काच आणि रबर विकत घेतो. तिला काय होते आहे हे जाणण्याचा हक्क त्यातच अंतर्भूत आहे, असे आजवर सर्वांनी गृहीत धरले होते. तो कायद्यात लिहावा लागेल अशी वेळ कधी आलीच नव्हती. आता आली आहे.